तोंडाची समजूत

माझ्या गालांवर आजवर जे जे काही लावलं गेलं त्याची यादी केली, तर एका बऱ्यापैकी संसाराचं स्वयंपाकघर भरेल. काकडी, ताक, पेजेची निवळ, केळीच्या गाभ्याचं पाणी, उगाळलेलं चंदन, कोरफडीचा गर, तुळशीचा रस, आणि एकदा वाटी चुकल्यामुळे सोलकढी. यातलं मी आपणहून काहीच लावलं नाही. सगळं माझ्या घरमालकांनी लावलं, बहुतेकदा मला न विचारता, आणि त्यांचं नेमकं काय चाललंय हे मला न कळता.

चोपन्न-पंचावन्न सालची गोष्ट. बी.एस्सी. होऊन मी गडहिंग्लजहून मालवणच्या उत्तरेला एका लहानशा बंदराच्या गावी, हायस्कुलात गणित शिकवायला गेलो. गणिताच्या मास्तराला एक वाईट खोड असते. समोर आलेली गोष्ट सिद्ध झाली पाहिजे, आणि सिद्ध झाली की खाली रेघ मारून मोकळं व्हायचं. मालकांच्या घराच्या मागच्या खोलीत मी आठ वर्षं काढली आणि त्यांच्याबद्दलची एक गोष्ट सोडली तर मला कशाखालीच रेघ मारता आली नाही. तीही बरोबर मारली की चुकली, ते आज या वयातही नक्की सांगता येत नाही.

पहिल्याच सकाळी मागच्या विहिरीच्या काठावर आरसा टेकवून मी दाढी करायला बसलो. विहिरीचं पाणी मचूळ होतं. ते तोंडाला लागलं मात्र, मिरची चोळल्यासारखे गाल पेटले. डोळे मिटून मी गालांवर हात मारत होतो, एवढ्यात मागून एक हात आला आणि त्याने काहीतरी थंडगार, बुळबुळीत माझ्या तोंडाला फासलं. मी किंचाळलोच. डोळे उघडले तर मालक. उंच, काटकुळे, पस्तिशीच्या आतले, अंगात बनियन आणि डाव्या हातात वाटी. आदल्या दिवशी खोली दाखवताना हे गृहस्थ माझ्याशी चार शब्दही धड बोलले नव्हते.

"हलू नकात मास्तर," ते म्हणाले. "तोंड भियाला हा. लोखंड लागला काय तोंड भियाता. तेका समजवूक व्हया."

तोंड भ्यालंय म्हणजे काय, आणि त्याला समजवायचं म्हणजे काय, माझ्या काही ध्यानात येईना. मालवणी मी पहिल्यांदाच ऐकत होतो, त्यामुळे दोष भाषेचा की माणसाचा हेही ठरवता येईना. वाटीत कोरफडीचा गर होता. आग मात्र थांबली, हे कबूल केलं पाहिजे.

'समजूत' हा त्यांचा खास शब्द. सकाळी भेटले की "आज समजूत कसली केलात?" असं विचारायचे. त्यांच्या मते माणसांची तोंडं तीन प्रकारची असत. हट्टी, भित्री आणि सोशिक. आमच्या हेडमास्तरांचं तोंड हट्टी, त्याला ताकच हवं. माझं भित्रं, त्याला कोरफड किंवा काकडी. गावाच्या पोस्टमास्तरांचं तोंड सोशिक होतं, ते कसल्याही पाण्याने आणि महिनाभर जुन्या ब्लेडने दाढी करत आणि त्यांना काहीही होत नसे. मालकांना ते पाहून हळहळ वाटे. इतकं चांगलं तोंड या माणसाकडे फुकट गेलं, असं ते एकदा मला अगदी गंभीरपणे म्हणाले होते.

त्यांचं स्वतःचं तोंड कुठल्या प्रकारात बसत होतं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. इतकी नाठाळ कातडी मी दुसरी पाहिली नाही. वस्तरा फिरला की हनुवटीखाली लालभडक चट्टे उठायचे आणि वरच्या ओठावर बारीक पुळ्यांची रांग उभी राहायची. अशा कातडीचा कुणीही शहाणा माणूस सरळ दाढी-मिशी वाढवून मोकळा होईल. मालक मात्र रोज दाढी करत. शनिवारी करत, अमावास्येला करत, जेव्हा गावात कुणी वस्तऱ्याला हात लावत नसे. आणि वरच्या ओठावरून तर दोनदा वस्तरा फिरवत, अगदी जपून, एक काडी राहू नये असा. त्यासाठी गोड्या पाण्याची घागर लांबच्या विहिरीवरून यायची, चंदन आधी उगाळून ठेवलेलं असायचं, वाटीत वितळवलेलं कोकमाचं तेल तयार असायचं. समोर पायरीवर त्यांची आई बसलेली असायची. त्यांचं सगळं आटोपलं, तोंड पुसून झालं, की ती त्यांच्याकडे एकदा नीट बघायची आणि मग उठून चहा घ्यायची. त्याआधी ती घोटभर पाणीही पीत नसे. मला वाटायचं, लेकाला कापलं तर नाही ना हे बघत असेल.

आता माझी घोडचूक सांगतो. त्या गावात तेव्हा बाप्या माणसाला मिशी ही असायचीच. ती उतरायची ती बाप किंवा आई गेल्यावर, दहाव्याच्या क्षौरात, आणि पुन्हा वाढायची. मी घाटावरचा असलो तरी हे आमच्याकडेही होतं. मालकांचा ओठ कोरा बघून मी लगेच अनुमान काढलं की वडील नुकतेच गेले असणार. चौकशी केली नाही तर माणूस उद्धट वाटेल, म्हणून आठवड्याभराने मागल्या दारी त्यांची आई पाठमोरी उभी दिसली तेव्हा मी हात जोडून विचारलं, की वडील कधी वारले? ती वळली. कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा.

"येवक नाय अजून," एवढंच म्हणून ती आत गेली.

येवक नाय म्हणजे आले नाहीत, इतकं मला कळलं होतं. म्हणजे बाजारात वगैरे गेले असणार. जिवंत माणसाला मी मारून टाकलं होतं. ते आले की पाय धरून माफी मागावी म्हणून मी दिवेलागणीपर्यंत पडवीत ताटकळत बसलो. दुसऱ्या दिवशी शाळेत आमच्या ड्रॉइंगच्या मास्तरांना हे सांगितलं तेव्हा ते आधी हसले आणि मग हसायचे थांबले. मालकांचे वडील जाऊन वीस वर्षं होत आली होती.

ते गलबतावर तांडेल होते. कालिकतच्या बाजूला गेले ते परतले नाहीत. गलबताचं फळकूट मिळालं नाही की बरोबरच्या माणसांपैकी कुणी दिसलं नाही. मालक तेव्हा चौदा वर्षांचे. नाहीसा झालेल्या माणसाची बारा वर्षं वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याची क्रिया उरकायची, अशी रीत. बारा वर्षं भरली तेव्हा मालकांच्या धाकट्या काकांनी भटजींना विचारून दिवस ठरवला. त्या सकाळी कुणी न सांगता मालक विहिरीवर गेले आणि आपली मिशी आपणच उतरवून आले. काकांचा जीव भांड्यात पडला. पोराने मानलं एकदाचं. बायका चुडा उतरवायला जमल्या. मालकांची आई बाहेर आली, तिने लेकाच्या तोंडाकडे बराच वेळ बघितलं, आत गेली, आणि नेहमीपेक्षा मोठं कुंकू लावून परत आली. मालकांनी क्रिया करायला साफ नकार दिला. मग मिशी का काढली, तर म्हणे तोंड माझं आहे.

तेव्हापासून अख्खं गाव बुचकळ्यात. लेकाचा ओठ सांगतो बाप गेला, आईचं कपाळ सांगतं बाप आहे, आणि दोघं एकाच चुलीवरचं जेवतात. मालकांचं लग्नही त्यातच राहिलं. मुलीकडची माणसं सरळ प्रश्न विचारायची, की बाप आहे की नाही, पत्रिकेत काय छापायचं? मालक म्हणायचे, दोन्ही. यावर कोण मुलगी देणार?

धाकटे काका दर पितृपक्षात यायचे. ते वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो. माझ्या भावाला पाणी मिळत नाही, तो कुठे तळमळत असेल, असं म्हणता म्हणता त्यांचे डोळे भरून यायचे. मालक त्यांचं सगळं ऐकून घ्यायचे आणि मग त्यांच्या हनुवटीकडे बघत विचारायचे, की काका, ब्लेड बदललं नाही वाटतं? काका डोळे पुसत असतानाच मालकांनी त्यांच्या गालाला चंदन लावलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तोंडाला पांढरे पट्टे घेऊन ते गृहस्थ रडतरडतच घरी गेले. हसावं की रडावं हे मला कळेना. प्रश्न तर सगळ्या गावाला ठाऊक होता. या बाईचं कुंकू राहायचं की पुसायचं? आणि ज्याने उत्तर द्यायचं तो विचारणाऱ्याचे गाल तपासत बसायचा.

पोटासाठी मालक आगबोटीच्या तिकीट कचेरीत कारकुनी करत. मुंबईची बोट बाहेर खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसं पडावात बसून तिथपर्यंत जायची. त्याआधी सगळ्यांना मालकांच्या खिडकीसमोरून जावं लागे. मुंबईचं तिकीट मागणाऱ्याला ते आधी खिडकीतून वाकून बघत. मग तिकडे दाढीला कुठलं पाणी घेता, साबण कुठला, उलट वस्तरा मारता का, अशी चौकशी. मागे रांग खोळंबलेली. एकदा खारेपाटणकडचा एक नवा नवरा सुट्टी संपवून मुंबईला निघाला होता, त्याच्या मानेवर पुरळ उठलं होतं. मालकांनी त्याला आत बोलावून हळद-दुधाचा लेप लावायला घेतला. अर्धी मान झाली आणि बोटीने शेवटचा भोंगा दिला. तो माणूस पिवळ्या मानेने धक्क्यावर धावला, पण पडाव सुटला होता. त्याने मालकांना तोंडाला येईल ते ऐकवलं. मालकांनी त्याला घरी आणलं, पुढची बोट येईपर्यंत दोन दिवस ठेवून घेतलं, आणि राहिलेली अर्धी मानही पुरी केली. महिन्याभराने त्याचं मुंबईहून कार्ड आलं. मला वाटलं, तक्रार असेल. त्याने लेपात दूध किती घालायचं ते विचारलं होतं.

त्यांच्यापायी मी जो गोंधळ घातला तो मात्र याहून मोठा. एका सकाळी दाढी करताना मला कापलं. पडवीतून मालकांनी विचारलं की तुमच्याकडे फटकी आहे का? मी म्हटलं, छे. त्यावर त्यांना फार आश्चर्य वाटलं. गावात घरोघरी आहे मास्तर, म्हणाले, आमच्याकडे तर बारमास असते. मी ऐकलं ते पटकी. आमच्याकडे पटकी म्हणजे कॉलरा. साबण तसाच गालावर वाळत ठेवून मी हेडमास्तरांकडे धावलो. ते साताऱ्याकडचे, त्यांनाही यातलं काही ठाऊक नाही. घरोघरी पटकी आणि लोक ती सहज बोलून दाखवतात, हे ऐकून ते हादरले. शाळा बंद झाली, तालुक्याला पत्र गेलं, आणि तिसऱ्या दिवशी टोचणीवाले हजर. सगळ्या गावाला रांगेत उभं करून त्यांनी टोचलं. मालक रांगेत पुढे होते आणि टोचणाऱ्या कंपाउंडरला त्याच्या गालावरच्या फोडांबद्दल विचारत होते. फटकी म्हणजे तुरटी, हे मला संध्याकाळी कळलं. तोवर अख्ख्या गावाचे दंड सुजले होते. मला कुणी शिव्या दिल्या नाहीत, पण गाव सोडेपर्यंत मी 'पटकी मास्तर' राहिलो. मालकांनी मात्र मला कधी तसं म्हटलं नाही. सुजलेल्या दंडांवर पेजेचं निवळ पाणी लावत ते आठ दिवस घरोघर फिरले. माझ्या चुकीचं ओझं आपल्या खांद्यावर का घेतलंत, असं मी विचारलं, तर म्हणाले, दंडाची कातडी काय, तोंडाची काय, भ्याली की सारखीच.

अशी पाच-सहा वर्षं गेली. मी त्या घरात रुळलो, मालवणी कळू लागली, पण मालक कळेनात. मग एका उन्हाळ्यात त्यांचा वरचा ओठ चिघळला. नेहमीच्या पुळ्या नव्हेत, पू धरलेला, नाकापर्यंत सुजलेला. त्यांनी आपलं सगळं करून पाहिलं. कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी, हळद, कोकमाचं तेल, तुळस. काही म्हणजे काही लागू पडेना. अंगात ताप भरला तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढत सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी मलम दिलं आणि बजावलं, तीन आठवडे ओठाला वस्तरा लावायचा नाही, नाहीतर विष अंगात पसरेल. मालकांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर विहिरीवर आरसा, घागर, वाटी, सगळं मांडलेलं. मी वस्तरा काढून घेतला आणि माझ्या ट्रंकेत कुलूपबंद केला. मोठ्या माणसाशी मी त्यापूर्वी कधी असा वागलो नव्हतो, पण मला खरोखर भीती वाटली होती. हा माणूस माझ्या डोळ्यांदेखत मेला असता.

त्यांनी वाद घातला नाही. नुसते पडून राहिले. आठ दिवसांत ओठावर काळी मिशी डोकावू लागली आणि सूजही ओसरली. मी खूश. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हा माणूस चारचौघांसारखा दिसायला लागला होता. पण घरात काहीतरी बिनसलं होतं. त्यांची आई सकाळी पायरीवर येऊन बसायची, पण लेकाकडे पाठ करून. चहा तसाच निवायचा. जेवणावरची तिची वासना उडाली. मला वाटलं, काळजीने. मी जाऊन तिला सांगितलं की आता ओठ सुधारला आहे, चिंता करू नका. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पुन्हा पटकी आल्याची बातमी दिली.

नवव्या दिवशी ती माझ्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. ती कधीही तिथे येत नसे. मी वह्या तपासत होतो.

"मास्तर, तुमी गणित शिकवतास," ती म्हणाली. "माणूस माणसाचा तोंड किती वर्सांत इसारता?"

 तिला उत्तर नकोच होतं. दाराच्या चौकटीला धरून ती तुटक तुटक बोलत राहिली आणि मी ऐकत राहिलो. ज्या वर्षी तिचा नवरा गेला त्याच वर्षी, त्याच महिन्यात, तिचे सासरे वारले होते. दहाव्याला नवऱ्याने मिशी उतरवली. तेरावं झालं आणि दोन दिवसांत गलबत सुटायचं होतं, ते घेऊन तो गेला. म्हणजे धक्क्यावर तिने शेवटचं बघितलं ते तोंड बिनमिशीचं. घरात त्याचा फोटो नव्हता. फोटो कोण काढतंय तेव्हा! पहिली बारा वर्षं ती तोंड आठवत राहिली आणि मग ते तिच्या हातून सुटायला लागलं. आधी नाक गेलं, मग हसणं. काकांनी क्रियेचा दिवस ठरवला त्याच्या आदल्या दिवशी ती लेकाजवळ रडली होती. मेल्याचं दुःख करायला तोंड तर आठवायला हवं, म्हणाली होती. आणि दुसऱ्या सकाळी लेक कोऱ्या ओठाने समोर येऊन उभा राहिला.

"ह्येचो ओठ कोरो आसलो काय माका ते दिसतत," ती म्हणाली. "मिशी वाढली, ते गेले."

ती गेल्यावर मी वह्या बाजूला सारल्या. गावाने ज्या ओठावर बाप मेल्याची खूण वाचली होती, त्याच ओठावर ही बाई रोज सकाळी आपला नवरा बघत होती आणि मग चहा घेत होती. आणि त्या एका नजरेसाठी तो माणूस तेरा वर्षं स्वतःची कातडी सोलून घेत होता. मला स्वतःची लाज वाटली. मी त्याला गावासारखाच वेडा समजत आलो होतो.

तरीही एक गोष्ट मला सुटेना. तिला खरंच वाटत होतं का की तो परत येईल? की तिने केव्हाच मानलं होतं आणि फक्त तोंड हवं होतं? पुढे मालकांच्या कानशिलावर पांढरे केस आले तेव्हा ती त्यांच्याकडे बघून म्हणाली होती, की आता तेही पिकले असतील. हे समजून बोलली की भ्रमात, देव जाणे.

संध्याकाळी मी ट्रंक उघडून वस्तरा मालकांच्या पुढ्यात ठेवला. त्यांना मी विचारलं, की तुमची आई रोज काय बघते ते तुम्हाला ठाऊक आहे ना?

"माका काय ठावक नाय, मास्तर," ते म्हणाले. "आये चाय घेता, एवढाच ठावक आसा."

डॉक्टरांच्या तीन आठवड्यांपैकी नऊ दिवस झाले होते. दुसऱ्या सकाळी मालकांनी ओठ उतरवला. आरसा मी धरला होता आणि चंदनही त्या दिवशी मीच उगाळलं. रक्त आलं, त्यांनी दात आवळून धरले. आईने बघितलं आणि चहाचा पेला उचलला. विष वगैरे काही पसरलं नाही. कसं नाही पसरलं, हे मला विचारू नये. त्यानंतर त्यांचं चंदन मीच उगाळत असे. पटकी मास्तराकडून दुसरं काय होणार?

दोन वर्षांनी, भाताची लावणी संपता संपता, ती गेली. सकाळी चहा घेतला होता, दुपारी छातीत कळ आली, आणि तासाभरात संपलं. घर माणसांनी भरलं. तिला आंघोळ घातली, आणि तिथे सगळं अडलं. लुगडं कुठलं नेसवायचं? सवाष्ण म्हणून न्यायची तर हिरवं लुगडं, चुडा, कुंकू, ओटी. विधवा म्हणून न्यायची तर यातलं काहीच नाही. बायका दोन्ही घेऊन थांबल्या. सत्तावीस वर्षं टोलवलेला प्रश्न असा तिच्या उशाशी येऊन बसला होता आणि आता तो टोलवता येणार नव्हता. धाकटे काका पुढे आले. त्यांचा आवाज चढलेला नव्हता.

"आता तरी सांग रे," ते म्हणाले. "हिका कशी नेवची?"

मालक खांबाला टेकून उभे होते. ते पुन्हा 'दोन्ही' म्हणतील, नाहीतर काकांची हनुवटी बघतील, अशी मला धास्ती वाटत होती. पण त्यांनी सरळ काकांच्या डोळ्यांत बघितलं. त्यांना कुणाच्या डोळ्यांत बघताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"हिरवा लुगडा नेसवा," ते म्हणाले. "रोज सकाळी तेंका बघून चाय घेतल्यान तिना. आज सकाळी पण घेतल्यान."

बायकांना यातलं काही समजलं नसावं. काकांना समजलं. कारण ते पुतण्याच्या कोऱ्या ओठाकडे बघत राहिले, बघतच राहिले, आणि त्यांच्या तोंडून "दादा" असा शब्द निघाला. मग ते परसात गेले आणि तिच्या केसांत माळायला अबोलीची फुलं स्वतःच्या हाताने खुडून घेऊन आले. ती भरल्या कपाळाने गेली.

दहाव्या दिवशी खाडीकाठी आम्ही मोजकीच माणसं होतो. न्हावी वस्तरा परजून बसला, पण त्याची पंचाईत झाली. आईसाठी मिशी द्यायची, तर मिशीच नाही. आई गेल्यापासून वस्तरा लागला नव्हता, तेवढे खुंट काय ते होते. त्याने भटजींकडे बघितलं, भटजींनी काकांकडे. मालक म्हणाले, आहे तेवढं काढ. आणि मग मान न वळवता त्यांनी काकांना सांगितलं, की काका, आता बाबांचंही करूया. ज्या वाक्यासाठी काका इतकी वर्षं पितृपक्षात फेऱ्या घालत होते ते असं अचानक हातात पडल्यावर त्यांना ते झेपेना. ते तिथेच वाळूत बसले.

न्हाव्याने खाडीचं खारं पाणी लावून ओठावरून वस्तरा फिरवला. कातडी क्षणात लाल झाली आणि दोन ठिकाणी रक्त आलं. मी घरून निघताना सवयीने चंदन उगाळून वाटीत आणलं होतं, ते घेऊन पुढे झालो.

"नको मास्तर," त्यांनी माझा हात धरला. "आज जळांदे."